कलरव आणि कलरवे

मराठी भाषेने पादत्राणांवर फार अन्याय केला आहे. ज्या वस्तूवर माणूस दिवसभर उभा असतो तिच्याविषयी चार बरे शब्द आपल्या भाषेत नसावेत, ही कृतघ्नताच म्हणायची. डोक्यावरच्या पागोट्याचा केवढा थाट! ते नुसते तिरके झाले तरी घराण्याची अब्रू धोक्यात. पण वहाण म्हटली की ती पायातच बरी. जोडे असतात ते मारण्यासाठी, नाही तर कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर झिजवण्यासाठी. एखाद्याची लायकी काढायची झाली की आपण त्याला खेटरापाशीदेखील उभे करीत नाही. (यात खेटराची लायकी किती वर धरली आहे, हे कोणी लक्षात घेत नाही.) नवराबायकोला तेवढे आपण कौतुकाने ‘जोडा’ म्हणतो. एकाचे तोंड जरा डावीकडे, दुसऱ्याचे जरा उजवीकडे, आणि तरी चालायचे मात्र एकाच दिशेने, हे ज्याच्या लक्षात आले त्या अनुभवी पुरुषाला माझा नमस्कार.

अशा भाषेत वाढलेल्या माणसासमोर कोणी बुटाच्या रंगाविषयी हळवे होऊन बोलू लागले की बिचकायला होते. आमचा एक भाचा पुण्यात असतो. संगणकावर काहीतरी करतो. त्याचा पगार मला समजतो, काम समजत नाही. मध्यंतरी त्याचा अहेरीला फोन आला. “मामा, काय कलरवे आहे म्हणून सांगू! वेड लागेल तुम्हाला.” आमच्याकडे फोनवरचा आवाज आलापल्लीच्या सागवानातून वाट काढीत येतो, त्यामुळे एखादा काना, एखादी मात्रा वाटेत फांदीला अडकून राहते. तिकडून ‘कलरवे’ निघाले ते इकडे ‘कलरव’ होऊन पोचले. मला बरे वाटले. पुण्यातल्या पोरांना पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला म्हणजे अजून आशा आहे. मी विचारले, “कुठला पक्षी रे?”

“पक्षी नाही मामा, बूट.”

मग त्याने मला समजावून सांगितले. कलरवे म्हणजे बुटाची रंगसंगती. बूट तोच, साचा तोच, तळही तोच. फक्त एकदा नाडी केशरी आणि टाच निळी, तर दुसऱ्यांदा टाच केशरी आणि नाडी निळी. असे मोजकेच जोड काढायचे, अमुक दिवशी सकाळी अमुक वाजता विक्री म्हणून दवंडी पिटायची, आणि मग त्या दोनशे जोडांसाठी दहा हजार माणसांनी जीव टाकायचा. रांगा लागतात, सोडती निघतात, ज्याला मिळाला नाही तो मिळालेल्याकडून दुपटीने घेतो.

“आणि मग तो घालून कुठे जातोस?” मी विचारले.

“घालत नाही. खोक्यात ठेवतो. घातला की किंमत उतरते.”

पादत्राण पायात न घालता उंच जागी ठेवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. भरताने चौदा वर्षे तेच केले. पण भरताने त्या पादुका फेरविक्रीला काढल्या नाहीत, हा एक फरक; आणि दुसरा त्याहून मोठा. पादुका नंदिग्रामात सिंहासनावर होत्या तेव्हा ज्याच्या त्या होत्या, तो दंडकारण्यात काट्याकुट्यांतून हिंडत होता. आमची अहेरी दंडकारण्यात मोडते. त्यामुळे या प्रकरणाकडे आम्ही जंगलाच्या बाजूने बघतो. ज्याला वाट तुडवायची आहे त्याच्या पायात काही नाही, आणि ज्याला कुठेच जायचे नाही त्याच्या फळीवर जोडच जोड, हा प्रकार फार जुना आहे.

रंगाचे वेडही जुनेच. आपल्याकडे गड घेण्याची धामधूम चालू होती त्याच काळात फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालून मिरवीत होता. लाल टाच दरबारातल्या मर्जीच्या उमरावांनाच घालता येई. टाच लाल दिसली की समजावे, गृहस्थ राजाच्या जवळचा. १७०१ साली रिगो नावाच्या चित्रकाराने या राजाचे भले मोठे चित्र काढले. त्यात महाराजांनी झगा बाजूला सारून पाय असा पुढे केला आहे की बघणाऱ्याची नजर मुकुटाआधी टाचेवर जावी. आज जाहिरातीतली मुले अगदी तस्साच पाय पुढे करतात.

पण जोड्याच्या रंगाची खरी ऐतिहासिक नोंद मराठी माणसाच्या नावावर आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. एका बाजूला जहाल, दुसऱ्या बाजूला मवाळ, अध्यक्षपदी रासबिहारी घोष. २७ तारखेला लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर चढले, त्यांना बोलू देईनात, ते हटेनात, गलका वाढत गेला. आणि तेवढ्यात मांडवातून एक जोडा उडाला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर बसला आणि तिथून उसळून फिरोजशहा मेहतांना लागला. एका जोड्यात दोन पुढारी! पुढे काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या, पोलीस आले, आणि काँग्रेस फुटली.

हेन्री नेव्हिन्सन नावाचा एक इंग्रज वार्ताहर तिथे हजर होता. त्याने हा प्रसंग पुढच्याच वर्षी पुस्तकात लिहून ठेवला. आता बघा, देशाची सर्वांत मोठी राजकीय संस्था डोळ्यांदेखत फुटते आहे, खुर्च्या डोक्यावरून जाताहेत, आणि अशा वेळी या भल्या माणसाने काय टिपून घ्यावे? तर जोडा मराठी बांधणीचा होता, कातडे तांबूस होते, चोच टोकदार होती आणि तळाला शिसे ठोकलेले होते! तो जोडा कोणी फेकला आणि कोणावर नेम धरून फेकला यावर पुढे पुष्कळ शाई आटली. पण रंग, आकार आणि तळ यांबद्दल मतभेद नाही. आज बुटांची परीक्षणे करणारी मंडळी याहून वेगळे काय सांगतात? राहता राहिली किंमत. ती काँग्रेसने १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत मोजली.

मला या नोंदीतले शिसे फार महत्त्वाचे वाटते. तांबडा रंग बघणाऱ्यासाठी, पण तळाचे ठोकलेले शिसे चालणाऱ्यासाठी. फेकणारा मनुष्य बहुधा चालणारा असावा.

या जोड्यानंतर ७७ वर्षांनी अमेरिकेत दुसरा तांबडा जोडा गाजला. तिथल्या बास्केटबॉलच्या संघटनेचा दंडक असा की खेळाडूंचे बूट गणवेशाशी जुळते असावेत, मुख्यतः पांढरे. मायकेल जॉर्डन नावाच्या नव्या पोराने काळे-तांबडे बूट चढवले. फेब्रुवारी १९८५ मध्ये संघटनेने कंपनीला पत्र लिहून हे चालायचे नाही म्हणून कळवले. शहाण्या माणसाने पत्र वाचून बूट बदलला असता. कंपनीने पत्राची जाहिरात केली. ज्या बुटाला मैदानात बंदी, तो तुम्हाला दुकानात मिळतो आहे, असे सांगितल्यावर पोरे थांबतील काय? आपल्याकडे बंदी आलेल्या पुस्तकाचे काय होते ते आपण जाणतोच. बूट ६५ डॉलरला होता. ज्या बुटावर आक्षेप घेतला तो मुळात जाहिरातीतला बूट नव्हताच, त्याच कंपनीचा दुसराच होता, असेही आता जाणकार सांगतात. पण तोवर बूट विकून झाले होते. मे २०२० मध्ये जॉर्डनच्या पायातला, म्हणजे वापरलेला, एक जोड लिलावात ५ लाख ६० हजार डॉलरला गेला. एप्रिल २०२३ मध्ये दुसरा एक जोड २२ लाख डॉलरला गेला. वापरलेला! आमच्याकडे वापरलेल्या बुटावर बोहारीण चमचासुद्धा देत नाही.

आमच्या लहानपणी बुटाला कलरवे एकच होता. पांढरा. शाळेत कवायतीसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट लागत आणि ते पांढरेच असावे लागत. आठवडाभरात त्यांचा रंग वर्गातल्या जमिनीला मिळताजुळता होई. मग आदल्या रात्री फळ्याखालचे खडूचे तुकडे भिजवून त्यावर थापायचे आणि चुलीपासून हातभर अंतरावर वाळत ठेवायचे. कवायतीत पाय आपटला की शंभर पोरांच्या पायांतून एक पांढरा ढग उठे आणि त्यात मास्तर दिसेनासे होत. पाऊस आला तर पायांखाली ताक.

हे बूट बहुधा बाटाचे असत. ही कंपनी मूळची १८९४ साली झ्लिन गावी टोमास बाटाने काढलेली, पण १९३० नंतर कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि लोकांनी तिला इतके आपले केले की बाटा हे बंगाली आडनाव समजणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. किंमत नेहमी पंच्याण्णव पैशांवर थांबे. उरलेले पाच पैसे परत घेऊन गिऱ्हाईक श्रीमंतासारखे बाहेर पडे. याच कंपनीची एक जुनी जाहिरात होती. बारीकशी जखमही धोक्याची, धनुर्वात होईल, बूट घाला. रंगाचा शब्द नाही, ऐटीचा शब्द नाही, सरळ मरणाची भीती. आज या जाहिरातीला कोणी हसेल. पण शेतात खिळा नाही तर फास रुतून धनुर्वाताने माणूस गेलेला ज्यांनी पाहिला आहे ते हसणार नाहीत. शिवाय हुककृमी नावाचा एक अतिसूक्ष्म प्राणी ओल्या मातीतून अनवाणी तळव्याच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. अंगात रक्त नाही म्हणून डॉक्टर ज्यांना गोळ्या देतात त्यांच्यातल्या कित्येकांच्या दुखण्याचे मूळ पायात असते.

हे एवढ्यासाठी सांगितले की आता अनवाणी धावणाऱ्यांची गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून कोणी उद्यापासून वहाणा टाकून देऊ नये.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती चालल्या होत्या. पाहुणे होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे गडी शेतकऱ्यांचे, पायांत काही नाही, कोणी शिकवलेले नाही, खुराकाच्या नावाने भाकरी. आणि घड्याळ पाहावे तर वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास! दोराबजी चकित झाले आणि त्यांनी या मंडळींना ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास घेतला. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला जी भारतीय मंडळी गेली त्यांत बेळगावकडचा फडेप्पा चौगुले होता. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची. वर पाऊस आणि गारठा. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, शेताच्या बांधावर तयार झालेल्या पायांनी! या माणसाचे नाव किती मराठी घरांत माहीत आहे? जॉर्डनच्या टाचेचा रंग सांगणारी पोरे मात्र आळीआळीला आहेत.

पुढे १९६० साली रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला, कारण मिळालेले नवे बूट पायाला बसेनात. पहिला आला. १९६४ साली टोकियोला बूट घालून धावला. पहिला आला. यावरून काय निष्कर्ष काढायचा तो बुटांच्या कंपन्यांनी काढावा. १९९३ साली अमेरिकेत लेडव्हिल गावी डोंगरातली शंभर मैलांची शर्यत झाली. ती मेक्सिकोच्या ताराहुमारा जमातीतल्या व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या शेतकऱ्याने जिंकली. पायांत टायर कापून केलेल्या वहाणा! तसल्या वहाणा आमच्या विदर्भात पिढ्यान् पिढ्या घातल्या गेल्या आहेत, पण त्यासाठी आम्हाला कोणी शर्यतीला बोलावले नाही. २००९ साली या ताराहुमारांवर इंग्रजीत एक पुस्तक आले आणि अमेरिकेत अनवाणी धावण्याची लाट उठली. लाट उठली की दुकान निघतेच. एका इटालियन कंपनीने पाचही बोटे सुटी असलेला, मोज्यासारखा बूट खपवला. अनवाणी असल्यासारखे वाटावे म्हणून दाम मोजायचे! २०१४ साली, या बुटाने पाय बळकट होतात हा दावा पुराव्याविना केला म्हणून झालेल्या खटल्यात त्या कंपनीने तडजोडीचे ३७ लाख ५० हजार डॉलर भरायचे कबूल केले. त्या पैशात आमच्या तालुक्यातल्या सगळ्या पायांना वहाणा येऊन वर पॉलिशला उरले असते.

या सगळ्या इतिहासात तळाचा मान राखणारा एक अमेरिकन मात्र मला आवडतो. ओरेगॉन विद्यापीठातले धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन. १९७१ च्या आसपास त्यांना हलका पण पकड घेणारा तळ हवा होता. न्याहारीच्या टेबलावर बायकोचा वॉफलचा साचा होता. आपले अप्पेपात्र असते तसला, चौकोनी खळग्यांचा. त्यांनी त्यात रबरासारखे रसायन ओतले. साचा कायमचा मिटला, पण कल्पना उघडली, आणि त्या खळग्यांच्या तळाने त्यांच्या कंपनीचे नशीब काढले. आमच्या घरी कोणी अप्पेपात्राचे असे केले असते तर त्याचे नाव बुटांच्या इतिहासात न जाता घटस्फोटाच्या इतिहासात गेले असते.

तर हा सगळा मजकूर मी भाच्याला फोनवर ऐकवला. त्यावर तो म्हणाला, “मामा, मी तुमच्याकडे येतो. मला ट्रेल रनिंग करायचंय.” ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी सडक सोडून पायवाटेने धावायचे. ज्या वाटेने आमच्याकडची माणसे डोक्यावर मोहाची टोपली घेऊन चालतात, तिच्यावरून रिकाम्या डोक्याने पळायचे.

तो आला तो चार जोड घेऊन. एक पांढराशुभ्र, एक निळा-केशरी, एक झगमगीत पोपटी आणि एक गर्द रानहिरवा. रानहिरवा मी आधी उचलून कपाटात ठेवला. त्या रंगाच्या कपड्यांचा आणि बुटांचा या जिल्ह्यात चार दशके भलताच अर्थ होत होता, आणि तो अर्थ लावणारे दोन्ही बाजूंना बंदूक घेऊन उभे असत. ज्याला रानातून संध्याकाळी घरी यायचे असे तो ते रंग टाळी. दिवस आता बदलले आहेत. पण आमच्या पिढीची नजर अजून पहिल्यांदा तिथेच जाते.

वाट दाखवायला मी आमच्या ओळखीचे एक आजोबा बोलावले. जन्मभर उन्हाळ्यात वनखात्याच्या आगी विझवलेला माणूस. पायांत टायरच्या वहाणा. त्यांनी तीनही जोड हातात घेतले. रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रत्येक बूट उलटा केला, तळावर अंगठा दाबला, चवड्याशी वाकवून पाहिला, आत हात घालून बोटे हलवली. वधुपरीक्षाही आमच्याकडे इतकी बारकाईने होत नाही.

पांढरा त्यांनी पहिल्या फटक्यात बाजूला टाकला. “हा सिमेंटवरचा.” तळ गुळगुळीत, वाळल्या सागपानांवरून सुळकन जाणारा. मार्चनंतर सागाची पाने पायवाटेवर अशी पसरतात की खाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, काही कळत नाही. निळ्या-केशरीचे दात चांगले खोल होते, सहाएक मिलिमीटर. धानाच्या बांध्यांतल्या चिखलात फार छान. पण दात जवळजवळ. अशा तळात चिखल भरतो आणि दहा पावलांत बूट अच्छेर वजनाने वाढतो. शिवाय तो आतून पाणी न शिरणाऱ्या अस्तराचा होता, याचा भाच्याला मोठा अभिमान. आजोबा म्हणाले, “पाणी खालून नाही येत जी. वरून येते.” नाल्यात घोटाभर पाण्यात उतरले की पाणी वरच्या तोंडातून आत जाते, आणि जे अस्तर त्याला आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. मग प्रत्येक पायात एकेक तांब्या घेऊन चालायचे. रानातल्या बुटाला आत शिरलेले पाणी ओकून टाकता आले पाहिजे.

पोपटी पास झाला. दात चारपाच मिलिमीटर, विरळ; रबर मऊ, म्हणजे ओल्या दगडावर धरणारे; तळाच्या पोटात एक चिवट पत्रा, म्हणजे कापलेल्या बांबूचे खुंट पायात घुसणार नाहीत. बांबू तोडणारा तिरका वार करतो आणि मागे भाल्याच्या पात्यासारखे खुंट राहते. आमच्या रानात वाघापेक्षा त्याची धास्ती जास्त घ्यावी. नंबर अर्ध्याने मोठा, कारण उन्हात तासभर चालले की पाय सुजतो आणि उतारावर बोटे पुढे आपटतात. आणि रंग पोपटी, म्हणजे चुकून कुठे पडलाच तर शोधायला सोपा. “हा घाला. पण सकाळी फटफटल्यावर निघा, अंधारात नाही.” रानातल्या धावण्याबद्दलचा हा सल्ला कुठल्या खोक्यावर छापलेला नसतो.

दोन तासांनी भाचा परतला तेव्हा पोपटी बूट तांबूस-करडा झाला होता. मी म्हटले, “हा अहेरी कलरवे. मोजकेच जोड.” तो नळाखाली धुवायला निघाला, आणि उन्हात, नाही तर शेगडीजवळ वाळवणार होता. आजोबांनी हातातून बूट काढून घेतला. उष्णतेने डिंक सुटतो आणि तळ जबडा उघडतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत टांगायचे. त्या दिवशीच्या पेपराचा अग्रलेख असा सत्कारणी लागला.

तळाची काळजी कशी घ्यावी हे बघायचे असेल तर आमच्याच तालुक्यात कमलापूरला यावे. तिथे वनखात्याचा हत्तींचा कॅम्प आहे. हिवाळ्यात या हत्तींना काही दिवस पगारी रजा असते, आणि रजेत त्यांच्या तळव्यांना जंगलातल्या औषधी साली-फळांचा काढा करून शेक देतात, भेगा पडू नयेत म्हणून. या क्रियेला ‘चोपिंग’ म्हणतात. अहेरी तालुक्यात ज्याच्या तळपायाची सरकारदरबारी इतकी दखल घेतली जाते असा हा एकमेव रहिवासी.

आमच्या रानातला हिरडा घेतला तर त्याची गाठ थेट कोल्हापूरशी पडते. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच. चप्पल हाताने शिवतात, खिळा नाही. कापशीसारखी नावे गावावरून पडलेली. करकर वाजावी म्हणून आत बिया घालणारे कारागीरही आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले चार जिल्हे यांना मिळून २०१९ साली तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. पण गवगवा झाला तो जून २०२५ मध्ये, प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तसल्याच वहाणा आपल्या म्हणून फिरवल्या तेव्हा. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला. व्यापारी मंडळाने पत्र लिहिले, कंपनीने मूळ कबूल केले, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन इथल्या कारागिरांकडून २००० जोड करवून घेण्याचे ठरले. किंमत सुमारे ८०० युरो. मोजकेच जोड, ठरलेली तारीख, वाढीव किंमत: म्हणजे भाचा सांगत होता तेच. फरक एवढाच की या खेपेला शिवणाऱ्याचा पत्ता लोकांना कळला. शिवणाऱ्याच्या हातात त्यातले किती पडतात ते मोजायला मात्र मिलानचे मासिक येणार नाही. (कोल्हापुरी घालून आमच्या ओल्या रानात जाऊ नये. गवतावर ती साबणासारखी सरकते आणि भिजली की फुगते. ती दिमाखाची वस्तू आहे, कोरड्या जमिनीची.)

भाचा गेला. पण धावणे त्याच्याबरोबर आले नव्हते आणि त्याच्याबरोबर गेले नाही. पहाटे अहेरी–आलापल्ली रस्त्यावर या, म्हणजे कळेल. पन्नासपाऊणशे पोरेपोरी धावत असतात. ट्रेल नाही, छंद नाही, पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मैदानी परीक्षेच्या पन्नास गुणांतले वीस या एका धावण्याला. काही सेकंद इकडे की नोकरी, तिकडे की परत मोहफुले. यांतले कित्येक एटापल्ली-भामरागडकडचे, जिथे शाळेलाही पायी, दवाखान्यालाही पायी. अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एस.टी. गेली ती १ जानेवारी २०२५ ला, खुद्द मुख्यमंत्र्यांनी हिरवी झेंडी दाखवून. तोवर तिकडच्या माणसाला पाय हीच गाडी होती. अशा पायांना ८०० मीटर म्हणजे शेजारच्या घरी जाऊन येणे. अडचण धावण्याची नसते, बुटाची असते. काही अनवाणी धावतात, काही तुटक्या चपलांत. आणि या जगातही कलरवे आहे बरे का! गेल्या भरतीत जो पोरगा लागला त्याच्या पायांत तांबडे बूट होते, एवढे कळण्याचा अवकाश, बाजारातले तांबडे बूट संपले.

मे महिन्याच्या अखेरीस आठवडी बाजारात बुटांच्या दुकानापुढे मी उभा होतो. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर बुटांची रास. तेंदूच्या हंगामाचे पैसे नुकतेच हातात आलेले, त्यामुळे गर्दी. एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी बापाबरोबर आली होती. बाप मागे उभा राहून पैसे तीनदा मोजून झाला होता. मुलीने राशीतून एक बूट काढला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबला, चवड्याशी वाकवला, आत बोटे घालून पाहिली. मी चमकलोच. दुकानदार रंगाचे कौतुक सांगत होता. ती ऐकत नव्हती. दोन बूट तिने तळ कडक म्हणून टाकले, एकाची शिवण उसवलेली दाखवून दुकानदाराला गप्प केले. चौथा घालून तिने ताडपत्रीच्या कडेला चार उड्या मारल्या. भाव झाला. साडेचारशेवरून तीनशे ऐंशी.

मग ती म्हणाली, “ह्याच्यात गुलाबी नाही काय?”

“आहे ना. पन्नास जास्त लागतील.”

“एकच तर माल आहे. पन्नास काऊन?”

“गुलाबी आहे ना बाई,” दुकानदार म्हणाला.

तिने बापाकडे पाहिले. बापाने बुटाकडे पाहिले, मग आपल्या पायांतल्या चपलेकडे, आणि चौथ्यांदा पैसे मोजून दिले. बूट खोक्याशिवायच मिळाले. ते तिने पिशवीत घालून पिशवी छातीशी धरली आणि दोघे स्टँडकडे निघाली. एटापल्लीची गाडी लागायची वेळ झाली होती.